नाक तुझं, सही माझी

मी त्यांच्या घरी राहायला गेले त्या दिवशी दार उघडल्याबरोबर त्यांनी माझ्या डोक्याचा वास घेतला. जवळ येऊन नाही. दारातच उभं राहून, दोन हातांवरून, मान जराशी पुढे करून. मग म्हणाले, "जास्वंदीचं तेल. घरी केलेलं. पण खोबरेल मुळातच खवट होतं. आईला सांग, पुढच्या खेपेला ताज्यात कर म्हणावं."

मी दोन्ही हातांत दोन बॅगा धरून उभी. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी तिला आत तर येऊ द्या!"

त्या घराच्या वरच्या खोलीत मी पुढे दोन वर्षं राहिले. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं साधंसं घर, पुढे दोन गाड्यांचं गॅरेज, मागे काकूंची कढीपत्त्याची कुंडी, जी थंडीत घरात यायची आणि उन्हाळ्यात बाहेर जायची. मी इचलकरंजीची. टेक्स्टाइलमध्ये मास्टर्स करायला आले होते. काका निपाणीचे. एसटीनं तास-सव्वा तासाचं अंतर. तेवढ्यावर त्यांनी मला खोली दिली. "कापडवाली का? मग बोटं बरी असतील," एवढीच त्यांची चौकशी.

ते शेतकी कॉलेजातून शिकून फार वर्षांपूर्वी इकडे आले आणि एका सिगारेट कंपनीच्या लॅबमध्ये तंबाखूच्या पानांची प्रत ठरवत निवृत्त झाले. "आयुष्यभर मशीनचं नाक होतो," असं ते म्हणत. "मशीनला सगळे दिवस सारखे पाहिजे असतात. आता जरा माणसाच्या हातचं बघतो." हे बघणं म्हणजे आठवड्याला एक, हातानं वळलेला सिगार. शनिवारी, दुपारी चार वाजता. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, आणि दुसरा नाही.

पण त्या एका सिगारसाठी अख्खं घर सकाळपासून कामाला लागायचं. शनिवारी घरात फोडणी बंद. कांदा बंद, कॉफी बंद, उदबत्ती बंद. काकू देवापुढे नुसतं निरांजन लावायच्या. जेवायला दहीभात, तोही विनाफोडणीचा. आमच्या ओळखीतले लोक त्याला 'काकांचा शनिवार' म्हणायचे आणि त्या दिवशी कुणी त्यांच्याकडे जेवायला यायचं नाही. मला अंगाला लावायच्या साबणाचीसुद्धा एक वेगळी, बिनवासाची वडी दिलेली होती. एकदा मी विसरून डिओडरंट मारून खाली आले. काका नुसते उठले आणि माझ्यासाठी मागचं दार उघडून उभे राहिले.

चार वाजता गॅरेजचं शटर निम्मं वर जायचं. गाडी बाहेर. आत एक घडीची खुर्ची, एक स्टूल, स्टुलावर पाण्याचा ग्लास, लाकडी काड्यांची पेटी आणि काळ्या-पांढऱ्या पुठ्ठ्याची शाळकरी वही. काका पहिली दहा मिनिटं सिगार पेटवतच नसत. उजेडाकडे धरून वरच्या पानाच्या शिरा बघत. मग डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच दाबत जात. कुठे पोकळ लागलं की तिथे थांबत आणि 'हं' म्हणत. मग न पेटवलेल्याचा वास. मग टोक कापून, न पेटवताच एक ओढ, हवा किती सहज येते ते बघायला. मग काडी. तीही दुरून, सिगार फिरवत फिरवत, म्हणजे टोक आधी शेकलं पाहिजे. "भाकरी टाकल्या टाकल्या जाळावर धरतेस का? मग?"

धूर ते आत घेत नसत. तोंडात धरायचा, जरासा नाकातून सोडायचा, बाकीचा सोडून द्यायचा. "फुफ्फुसाला चव नसते," ते म्हणत, "त्याला बिचाऱ्याला कशाला तसदी." एका झुरक्यानंतर पुढचा मिनिटभरानं. घाई केली की पान तापतं आणि कडू होतं. मधल्या वेळात वहीत लिहायचं.

ती वही मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं आणि मग हसणं थांबलं. सिगारबद्दल इंग्रजीत जे लिहिलेलं असतं त्यावर काकांचा फार राग. "या लोकांना तीनच वास ठाऊक. चामडं, कोको आणि देवदार. अरे, कसलं चामडं? नव्या चपलेचं की ढोलाचं?" त्यांच्या वहीत सगळं मराठीत होतं. 'पेटवण्याआधी : जूनमधल्या नव्या दप्तराचा. पहिला तृतीयांश : शेंगदाण्याची टरफलं, भाजल्यावरची. मध्यात : गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला चिकटलेला गूळ. शेवटी : पावसात भिजलेलं गोणपाट, पण वाळत आलेलं.' खाली शंभरपैकी मार्क. मी पाहिले त्यांत सगळ्यांत जास्त अठ्ठ्याऐंशी होते.

मार्क द्यायची ही सवय सिगारपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. गणपतीच्या पॉटलकमध्ये, जिथे प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा, ते ताट घेऊन फिरायला लागले की बायका आपापल्या भांड्यांपासून दूर जाऊन उभ्या राहायच्या. एका पुण्याच्या काकूंना त्यांनी सरळ सांगितलं होतं, "चक्का उत्तम बांधलाय. वेलची गेल्या वर्षीची आहे." त्या वर्षभर बोलल्या नाहीत. पुढच्या गणपतीत मात्र ताजी वेलची घालून आणली, आणि काकांच्या ताटात आधी वाढली. माझ्या पहिल्या आमटीला एकसष्ट मिळाले. मी नाराज झालेली बघून काकू कानात म्हणाल्या, "माझ्या पहिल्या आमटीला बावन्न होते. तेही नवीन लग्न झालेलं असताना."

समोरच्या घरातून एकदा तक्रारीचं पत्र आलं, की शनिवारी तुमच्या गॅरेजमधून आमच्याकडे वास येतो. काकांनी तीन पानी उत्तर लिहिलं. त्यात वाऱ्याची दिशा होती, वेळ होती, आणि शेवटी असं होतं की आपण ज्याला सिगारचा वास समजता तो आपल्याच कपडे वाळवण्याच्या मशीनमधल्या सुगंधी कागदाचा असून तो कृत्रिम लॅव्हेंडर आहे. काकूंनी ते पत्र न पाठवता लाडवांचा डबा नेऊन दिला. पुढे तक्रार आली नाही. श्रेय कुणाचं यावर दोघांचं एकमत कधी झालं नाही.

वाईट बोलण्याचा त्यांना शौक नव्हता, हे मला हळूहळू कळलं. "वाईट आहे म्हणायला अक्कल लागत नाही. काय वाईट आहे ते सांगायला लागते," असं ते म्हणत. आणि त्यांचं हे बोलणं खऱ्या अर्थानं ज्याच्या कामाचं होतं असा एकच माणूस त्या गावात होता. तो म्हणजे रामिरो.

रामिरो निकाराग्वाचा. इंडियन ग्रोसरीच्या दुकानापलीकडे, त्याच रांगेत, त्याचं छोटं दुकान होतं. काचेमागे बसून तो सिगार वळायचा. पन्नाशीचा, जाड बोटांचा, फार कमी बोलणारा. काका काकूंसोबत कोथिंबीर आणायला गेले आणि तिकडे वळले, ते कायमचेच. दर शनिवारी सकाळी रामिरो त्यांना एक सिगार द्यायचा आणि सोमवारी काका वहीतल्या पानाचं इंग्रजी करून त्याला नेऊन द्यायचे. रामिरो ते कागद ड्रॉवरमध्ये तारीखवार ठेवायचा. काकांना तो 'प्रोफेसर' म्हणायचा. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या मिश्रणाचे सिगार वळत आला होता. आता तो स्वतःचं मिश्रण तयार करत होता. तीन वर्षं झाली होती. त्याला तो आपल्या गावच्या नदीचं नाव देणार होता. जूनमध्ये शार्लटहून एक डिस्ट्रिब्युटर येऊन तो सिगार बघणार होता, आणि त्याला पसंत पडला तर रामिरोचं नाव त्या एका काचेबाहेर जाणार होतं.

त्याच्या आधीच्या जानेवारीत काका-काकू दोघांनाही कोविड झाला. सौम्यच. आठवड्यात दोघं हिंडाफिरायला लागले. मी वर मास्क लावून होते, मला काही झालं नाही.

पुढे दोनेक आठवड्यांनी, एका सकाळी मी वरून खाली आले ती करपल्या वासानंच. गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं. धूर छताला लागला होता. आणि शेगडीपासून चार फुटांवर, टेबलाशी, काका पाठमोरे पेपर वाचत बसले होते.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. काकांनी वळून पाहिलं. पातेल्याकडे, मग माझ्याकडे.  मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस. काकूला सांगू नकोस."

"किती दिवस झाले काका?"

"तापानंतर. आंबट-गोड-खारट कळतं. बाकी काही नाही. तुझ्या डोक्याला आज काय लावलंयस, मला सांगता येत नाही."

मी डॉक्टरचं नाव काढलं. ते जाऊन आले होते. वास परत येईल म्हणाले डॉक्टर, किंवा येणार नाही म्हणाले. मग काकांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. "कंपनीत मला सगळे ओळखायचे," ते म्हणाले, "आता एक रामिरो ओळखतो. जूनपर्यंत त्याला माझी गरज आहे. तुझं नाक मला दे."

मला नाही म्हणता आलं असतं. इचलकरंजीला आईला कळलं असतं की मी सिगार ओढते, तर तिनं पुढच्या विमानानं मला परत नेलं असतं. पण ज्या माणसानं दारात उभं राहून माझ्या आईच्या तेलाची खोट काढली होती, तो समोर करपलेलं दूध ठेवून बसला होता. मी हो म्हणाले.

तेव्हापासून शनिवारी गॅरेजमध्ये दोन खुर्च्या लागल्या. काकूंना सांगितलं, मी शिकतेय. मी मोजके झुरके घ्यायचे, तेही तोंडापुरते. बाकी धुराचा आणि राखेचा वास. आणि काका विचारत राहायचे.

"काय आहे?"

"गोड."

"गोड म्हणजे काय? पेढाही गोड, केळंही गोड."

"गुळासारखं. नाही, काकवीसारखं."

"ताज्या की करपलेल्या?"

"करपायच्या जरा आधीच्या."

"आत्ता बोललीस!"

एकदा न पेटवलेल्या सिगारचा वास घेताना मला एकदम आमच्या गल्लीतला यंत्रमाग आठवला. सुताला लावलेली खळ, दुपारच्या उन्हात वाळताना येते तशी. मी म्हणाले, "खळ." काका पेन हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "खळ! इतक्या वर्षांत हा शब्द मला सुचला नाही." त्यांनी तो वहीत मोठ्या अक्षरात लिहिला. त्या महिन्यांत मी खरंच शिकले. लायब्ररीतून परत येताना बसमध्ये मला माणसांचे वास वेगवेगळे कळायला लागले. आपण फार महत्त्वाचं काही करतोय असं मला वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकांनी विचारलं, "मध्यात काय?"

मी पुन्हा पुन्हा वास घेतला. "काहीच नाही काका. सुरुवातीला होतं ते गेलं. नुसती राख."

"नक्की?"

"हो."

त्यांनी लिहिलं : 'मध्यात वास पडतो. शेंड्याचं पान वाढवून पाहावं.' झाडाच्या शेंड्याची पानं जास्त ऊन खातात म्हणून जास्त बोलकी असतात, आणि मुरायलाही जास्त वेळ घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सोमवारी तो कागद रामिरोच्या ड्रॉवरमध्ये गेला.

मे महिन्यात रामिरोनं तयार सिगार दिला. नदीचं नाव छापलेला कागदी पट्टाही त्यावर होता. त्या शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये बसले. पान सुंदर होतं. एकही पोकळ जागा नाही. मी पहिला झुरका घेतला आणि माझी मान आपोआप मागे गेली.

काकांनी माझ्या हातातून सिगार घेतला, एक झुरका घेऊन धूर नाकातून सोडला. "चुरचुरतं," ते म्हणाले. "चुरचुर मला कळते. वास तू सांग."

"गोठ्याचा. सकाळचा, शेण काढायच्या आधीचा."

काकांनी सिगार स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "कच्चं पान आहे. मुरलेलं नाही. रामिरो असं कच्चं पान घालणार नाही. का घातलं असेल त्यानं?"

ते विचारून त्यांनी स्वतःच वही मागे मागे चाळायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या पानावर थांबले.  सिगार स्टुलावर आपोआप विझला.

"त्या दिवशी तू मधे बाहेर जाऊन आली होतीस का? मोकळ्या हवेत?"

"नाही."

"पाणी प्यालीस?"

"आठवत नाही."

"नाक थकलं होतं तुझं. एकच वास सारखा घेतला की नाक तो दाखवायचं बंद करतं. लॅबमध्ये नव्यानं आलेल्या पोरांना मी हे शिकवायचो." त्यांनी वही मिटली. "सिगारमध्ये काही पडलं नव्हतं गं. त्याचं आधीचंच बरोबर होतं."

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, चूक माझी आहे, मी रामिरोला सांगते. काकांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "तुझी नाही! नाक तुझं होतं, सही माझी होती."

ते तसेच उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "मला वास येत नाही."

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "जानेवारीपासून. ठाऊक आहे मला. तीन शनिवार, ही पोरगी लायब्ररीत गेलेली असताना, मी फोडणी दिली, मुद्दाम, हिंग घालून. तुम्ही नेहमी खाता तसा दहीभात खाल्लात." मग सुरी खाली ठेवली. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही रामिरोकडे गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. रामिरो हसून उठला, प्रोफेसरसाठी खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. नाक जानेवारीत गेलं. तेव्हापासूनचा प्रत्येक कागद या मुलीच्या नाकाचा. फेब्रुवारीतला सल्ला चुकीचा. नवा सिगार कच्चा आहे, डिस्ट्रिब्युटरला दाखवू नकोस.

रामिरोला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. त्यानं ड्रॉवर उघडला, कागद काढले, तो एक शोधून काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

"यावरून मी मिश्रण बदललं. तीन वर्षांचं. चारशे सिगार वळले."

"हो," काका म्हणाले.

"मला स्वतःला ते आधीचं आवडलं होतं. मी म्हटलं, प्रोफेसर म्हणतो तर माझंच चुकत असेल." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "नाक गेलं तर गेलं. माणूस आहेस. मला सांगितलं असतंस तर मी तुला कॉफी दिली असती, दोघं बसलो असतो. पण तू मला कागद दिलास."

 रामिरो काउंटरमागून बाहेर आला, दार उघडून धरलं. आम्ही बाहेर पडल्यावर त्यानं दारावरची पाटी उलटी केली. रविवारी सकाळी, दुकान नुकतं उघडलेलं असताना.

त्यानं डिस्ट्रिब्युटरला स्वतःच कळवून टाकलं, या वर्षी नको.

पुढचे तीन शनिवार काका चार वाजता गॅरेजमध्ये जाऊन नुसते बसले. शटर निम्मं वर, स्टुलावर पाण्याचा ग्लास, बाकी काही नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ते घरातून गेले ते दुपारपर्यंत परत आले नाहीत. फोन घरीच. काकूंनी मला पाठवलं, आणि कुठे बघायचं हे मला माहीत होतं.

रामिरोच्या दुकानात मागे एक लांब टेबल होतं. तिथे काका ॲप्रन बांधून, तोंडाला मास्क लावून बसले होते. पुढे ओलसर पानांचा गठ्ठा. एक पान घ्यायचं, मधली जाड शीर चिमटीत पकडून खालपर्यंत ओढून काढायची, दोन्ही अर्धी पानं वेगवेगळ्या थप्प्यांवर ठेवायची. रामिरो पुढे काचेपाशी, त्यांच्याकडे पाठ करून आपलं काम करत होता. 

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "त्यानं बोलावलं?"

"नाही. मी आलो. म्हटलं, नाक नाही, बोटं आहेत. त्यानं हा गठ्ठा पुढे ढकलला."

मी शेजारी बसले. ते शिरा काढत राहिले. बोटं आश्चर्य वाटावं इतकी भराभर चालत होती.

"हे कुठे शिकलात?"

"आईकडं बघून." काकांनी मान वर केली नाही. "निपाणीला वखारीत होती. पानं निवडायची, शिरा काढायची. दिवसभर तंबाखूचा खकाणा. शंभर बाया, तोंडाला पदर बांधून. मी शाळेतून परस्पर तिथं जायचो. संध्याकाळी मालक यायचा. पांढरंफेक धोतर. मूठभर उचलायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, आणि प्रत सांगायचा. सगळे गप्प उभे राहून ऐकायचे. मला वाटायचं, मोठं झाल्यावर असं व्हायचं. ज्याच्या नाकाकडं सगळे बघतात असं."

शीर मधेच तुटली. त्यांनी ते पान बाजूला ठेवलं.

"मालक सांगायच्या आधी आईच्या बोटांना प्रत कळलेली असायची. पानाला हात लावला की कळतं, मला आत्ता कळतंय. पण तिला कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही." नवं पान पुढे ओढून म्हणाले, "तिला खोकला होता. त्याबद्दल मी तुला सांगणार नाही."

मी न राहवून विचारलं, "मग काका, तुम्ही यातच कसे राहिलात? आयुष्यभर?"

त्यांनी पहिल्यांदा हात थांबवले. "मला हेच येत होतं. आणि मला ते आवडतं. तू म्हणशील या दोन्हींत आईचं कुठं बसतं. नाही बसत. चाळीस वर्षं बसवून बघितलं." आणि पुढचं पान घेतलं.

त्यानंतर ते आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. ऑगस्टच्या सुमारास रामिरोनं त्यांच्या टेबलाजवळ एक पंखा आणून ठेवला. ऑक्टोबरमध्ये एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा दोघं एकाच टेबलावर, न बोलता, काकूंची थालीपीठं खात होते. गॅरेज दरम्यान काकूंनी ताब्यात घेतलं. कढीपत्त्याची कुंडी त्या थंडीत तिथे गेली आणि शनिवारी घरात फोडणी बसायला लागली.

ते चारशे सिगार रामिरोनं फेकले नव्हते. लाकडी खोक्यांत घालून मागच्या खोलीत ठेवले होते. कच्चं पान वर्षभरात मुरतं, निदान मुरू शकतं. पुढच्या मे महिन्यात माझी डिग्री झाली, फ्रिस्को या दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आधीच्या शनिवारी मी दुकानात निरोप घ्यायला गेले तर रामिरोनं त्यातला एक माझ्यापुढे धरला.

"मी?" मी काकांकडे पाहिलं. ते शिरा काढत होते.

"माझ्याकडं बघू नकोस," ते म्हणाले.

मी वेळ घेतला. एक झुरका, मग पाणी, मग दाराबाहेर जाऊन पार्किंगमध्ये एक फेरी, मग पुन्हा आत. असं तासभर. गोठा गेला होता. काकवी होती. मध्यात, जिथे मागे मला काहीच सापडलं नव्हतं तिथे, भाजल्या शेंगांसारखं काहीतरी शेवटपर्यंत टिकून होतं.

"किती?" रामिरोनं विचारलं. "शंभरपैकी."

"नंबर मला देता येत नाही," मी म्हणाले. "पण खाली ठेवावासा वाटत नाही."

रामिरोनं मान हलवली आणि स्वतःसाठी एक पेटवला. काकांनी मागितला नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. पण त्या वेळात त्यांच्या पुढ्यातला गठ्ठा तसूभर कमी झालेला नव्हता, हे मी जाताना पाहिलं.

डिस्ट्रिब्युटर आला. त्यानं फार मोठी ऑर्डर दिली नाही. चार दुकानांत तो सिगार ठेवला. चार दुकानांत अजून तो आहे.

मी सिगार पुन्हा ओढला नाही. कधीतरी रविवारी काकांना फोन करते. नाक थोडंसं आलंय म्हणतात, पण वाकडं. कॉफीला रबराचा वास येतो, रबराला कशाचाच नाही. मार्क देणं बंद झालंय असं काकू सांगतात, आणि त्या पुढे हेही सांगतात की त्यांना स्वतःला त्यामुळे थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. परवाच्या फोनवर मी काकांना विचारलं, "रामिरो बोलतो का आता नीट?"

"बोलतो की. काल शिव्या घातल्या. स्पॅनिशमध्ये, दुकानात गिऱ्हाईक असताना."

"का?"

"वरचं पान होतं, चांगल्यातलं. शीर काढताना माझ्या हातून फाटलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? फाटलंच होतं गं. दुसरं घेतलं."